लेकराच्या हातातली बंदूक

६ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, ओकलंड काउंटीच्या न्यायालयात, ज्यूरीने एका आईला चार विद्यार्थ्यांच्या मृत्यूबद्दल दोषी ठरवलं. तिने गोळी झाडली नव्हती. गोळीबार झाला तेव्हा ती शाळेतही नव्हती, आपल्या कामावर परतली होती. चौघांना मारलं होतं ते तिच्या पंधरा वर्षांच्या मुलाने. त्याने गुन्हा कबूल केला होता आणि दोनच महिन्यांपूर्वी त्याला पॅरोलविना आजन्म कारावासाची शिक्षाही झाली होती. १४ मार्चला वेगळ्या खटल्यात, वेगळ्या ज्यूरीने वडिलांनाही त्याच गुन्ह्यासाठी दोषी धरलं. ९ एप्रिलला दोघांना एकाच दिवशी शिक्षा सुनावण्यात आली : दहा ते पंधरा वर्षं तुरुंगवास.

शाळेतल्या सामूहिक गोळीबारासाठी मारेकऱ्याच्या आईबापांना मनुष्यवधाचा दोषी ठरवण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ. बातमी वाचल्यावर माझी पहिली प्रतिक्रिया 'बरं झालं' अशी होती. दुसरी प्रतिक्रिया प्रश्नाच्या रूपात आली. मुलगा पूर्णपणे जबाबदार, इतका की त्याला प्रौढ समजून मरेपर्यंत तुरुंगात टाकायचं. आणि आईबापही जबाबदार, कारण तो मूल होता. दोन्ही एकाच वेळी खरं कसं? या प्रश्नाचा माग काढत मी बराच मागे गेलो. त्याचा हा वृत्तांत. मुलाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. अशांची नावं गाजण्यातच पुढच्याला खतपाणी मिळतं, असं मला वाटतं.

वाल्याचा प्रश्न, उलटा

वाल्या कोळ्याची गोष्ट आपल्याकडे प्रत्येक पोराला ठाऊक असते. माझ्या पापात वाटेकरी व्हाल का, असं तो घरच्यांना विचारतो आणि सगळे नाही म्हणतात. पाप ज्याचं त्याचं. याच्या नेमकी उलट गोष्ट इसापाची, तीही मराठी पाठ्यपुस्तकांनी घरोघरी पोचवलेली. फाशी जाणारा चोर आईला शेवटचं भेटायला बोलावतो आणि तिचा कान चावतो : पहिली चोरी करून आलो तेव्हाच मला मारलं असतंस, तर आज ही वेळ आली नसती. इथे पापाचा वाटा मुलगाच आईच्या पदरात घालतो.

कायद्याचा इतिहास या दोन गोष्टींच्या मधे हेलकावे खात आला आहे. प्राचीन रोममध्ये कुटुंबप्रमुखाच्या सत्तेखालच्या मुलाने कोणाचं नुकसान केलं, तर बापापुढे दोनच मार्ग असत : भरपाई द्या, नाहीतर मुलालाच नुकसान झालेल्याच्या ताब्यात द्या. गुलाम आणि जनावरं यांनाही साधारण हाच न्याय होता. म्हणजे ही जबाबदारी मुलाला वाढवण्यातल्या चुकीसाठी नव्हती. मूल मालकीचं होतं, म्हणून होती. मुलांच्या बाबतीतली ही प्रथा अखेर सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने रद्द केली. दुसरीकडे बायबलच्या जुन्या करारात, मुलांसाठी बापाला आणि बापासाठी मुलांना मृत्युदंड देऊ नये, असा स्पष्ट दंडक आहे. ज्या अर्थी तो घालून द्यावा लागला, त्या अर्थी तसं होत असणार.

आधुनिक युरोपात रस्ते फुटले. १८०४च्या नेपोलियनच्या संहितेने फ्रान्समध्ये सोबत राहणाऱ्या अज्ञान मुलाने केलेल्या नुकसानीची भरपाई बापावर टाकली. आपण हे कृत्य रोखूच शकत नव्हतो, हे सिद्ध करणं त्याचं काम. इंग्लंडच्या रूढ कायद्याने मात्र नेमकं उलट धरलं. केवळ बाप आहेस म्हणून तू मुलाच्या कृत्याला जबाबदार नाहीस. तुझी स्वतःची काही चूक असेल तर ती दाखवावी लागेल. मुलाच्या बाबतीत सात वर्षांखाली गुन्हेगारी बुद्धी असूच शकत नाही, सात ते चौदापर्यंत नाही असं गृहीत धरायचं, पण ते खोडून काढता येतं. अमेरिकेने हा वारसा उचलला आणि इंग्रजांनी तो थोड्या फेरफाराने आपल्याकडेही आणला.

तेव्हा इंग्रजी पद्धतीत प्रश्न असा उरला : मोठ्या माणसाची 'स्वतःची चूक' म्हणजे काय? याचं पहिलं ठळक उत्तर मिळालं ते एका बंदुकीमुळेच.

१८१६ : स्वयंपाकघरातली बंदूक

डिक्सन विरुद्ध बेल हा खटला १८१६ सालचा. दोन्ही पक्षकार एकाच घरात भाड्याने राहत. आसपास दरोडे पडत होते म्हणून बेलने एक बंदूक भरून ठेवली होती. पुढे तो दुसरीकडे राहत असताना त्याने आपल्या तेरा-चौदा वर्षांच्या मोलकरणीला ती बंदूक आणायला धाडलं. सोबत घरमालकाला निरोप दिला की, कानातली दारू काढून मगच हिच्या हाती द्या. घरमालकाने तसं केलं आणि मुलीला तसं सांगितलंही. बंदूक आता उडणार नाही असं समजून तिने ती डिक्सनच्या लहान मुलावर रोखली, तुला गोळी घालते म्हणत गमतीत चाप ओढला. बंदूक उडाली. मुलाचा उजवा डोळा गेला, दोन दात गेले.

बेलचं म्हणणं साधं होतं : मी काळजी घेतली होती, निरोप दिला होता. न्यायालयाने ते ऐकलं नाही. न्यायमूर्ती लॉर्ड एलेनबरो यांच्या निकालाचं सार असं की, बंदूक भरून जो तिला घातक करतो, तिला पुन्हा निरुपद्रवी करण्याची जबाबदारीही त्याचीच. निरोप पुरेसा नाही. नळीतली गोळी काढून टाकायला हवी होती. शंभर पौंडांची भरपाई कायम झाली.

हा निकाल मला दोन कारणांसाठी महत्त्वाचा वाटतो. एक, बंदूक घरात का होती? स्वसंरक्षणासाठी. दोनशे वर्षांनंतरही अमेरिकेत घरात बंदूक ठेवणारे बहुतेक लोक हेच कारण देतात. दुसरं कारण जास्त खोल आहे. या कायद्यात एक जुना नियम आहे : मधे दुसऱ्या माणसाने स्वतःच्या मर्जीने केलेलं कृत्य आलं, की कारणांची साखळी तिथे तुटते. मी निष्काळजीपणे चाकू टेबलावर ठेवला आणि तुम्ही तो उचलून कोणाला भोसकलात, तर दोष तुमचा. पण बेलच्या खटल्यात चाप ओढणारी मुलगी असूनही साखळी तुटली नाही, कारण पोराच्या हाती भरलेली बंदूक पडली तर पोर काय करेल हे कोणालाही आधी समजू शकतं. पोराचं पोरपण हाच मोठ्याच्या दोषाचा पाया ठरला.

हे लक्षात ठेवा. मिशिगनमध्ये याच पायाची गाठ आधी सांगितलेल्या विरोधाभासाशी पडली.

अमेरिकेत आईबापांना वळण

अमेरिकेत मुलांच्या खोड्यांसाठी आईबापांना पैशाने जबाबदार धरणाऱ्या कायद्यांतला सगळ्यात जुना कायदा हवाईमधला, १८४६ सालचा. तेव्हा तर हवाई अमेरिकेत नव्हतंच, तिथे राजा होता. विसाव्या शतकाच्या मध्यापासून एकेका राज्याने असे कायदे केले, पण बहुतेक ठिकाणी भरपाईला वरची मर्यादा घातली. फोडलेल्या काचा आणि मोडलेली कुंपणं डोळ्यांसमोर ठेवून केलेले हे कायदे होते.

फौजदारी वाट वेगळी. १८९९ मध्ये शिकागोत पहिलं बालन्यायालय सुरू झालं. मूल गुन्हेगार नसतं, ते बिघडलेलं असतं, त्याला शिक्षा नको, सुधारणा हवी, असा त्यामागचा विचार. मग साहजिकच पुढचा प्रश्न आला : बिघडवलं कोणी? १९०३ मध्ये कोलोरॅडोने मुलाला बिघडवण्यात हातभार लावणाऱ्या मोठ्या माणसालाच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, आणि तो पुढे इतरत्र पसरला. हेतू चांगला होता. पण हे कायदे सहसा कोणाच्या दारात पोचतात, याचा अंदाज आपल्यालाही बांधता येईल : गरिबांच्या, स्थलांतरितांच्या, एकट्या आयांच्या. शाळा बुडवणाऱ्या मुलाच्या आईला न्यायालयात उभं करायचं आणि बंगल्यातल्या मुलाला समुपदेशकाकडे पाठवायचं, ही तऱ्हा तिकडचीच आहे असं नाही.

बंदुकीचा खास कायदा यायला १९८९ उजाडावं लागलं. त्या उन्हाळ्यात फ्लोरिडात लहान मुलांच्या हातून लागोपाठ गोळ्या सुटल्या, मुलंच मेली, आणि राज्याने देशातला पहिला कायदा केला : भरलेली बंदूक मुलाच्या हाती लागेल अशी ठेवली आणि त्यातून इजा झाली, तर बंदूक ठेवणारा गुन्हेगार. नंतर अनेक राज्यांनी कमीअधिक कडक रूपात तो उचलला. रँड या संशोधनसंस्थेने बंदूकविषयक कायद्यांवरचे अभ्यास तपासून काढलेला निष्कर्ष असा, की या प्रकारच्या कायद्यांनी मुलांच्या आत्महत्या आणि अपघाती मृत्यू कमी होतात. अमेरिकेतल्या बंदूकविषयक वादात पुरावा इतका स्पष्ट असण्याचे प्रसंग थोडे आहेत.

आत्महत्या हा शब्द इथे महत्त्वाचा. शाळेतल्या गोळीबाराच्या बातम्या जगभर जातात, पण घरातल्या उघड्या बंदुकीचा पहिला बळी बहुधा त्याच घरातलं मूल असतं. २०२०पासून अमेरिकेत १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण बंदूक हेच झालं. तिने मोटार अपघातांना मागे टाकलं.

आजोबांच्या रायफली, शेजारच्या काउंटीतला मुलगा

२४ मार्च १९९८. आर्कान्सा राज्यातलं जोन्सबरो. तेरा आणि अकरा वर्षांच्या दोन मुलांनी शाळेत आगीची खोटी घंटा वाजवली आणि बाहेर आलेल्या मुलांवर झुडपांतून गोळ्या झाडल्या. चार मुली आणि एक शिक्षिका मेली. मुलांनी आधी एका घरातली पोलादी तिजोरी गॅसच्या ज्योतीने फोडायचा प्रयत्न केला. ती फुटली नाही. मग ते आजोबांच्या घरी गेले आणि तिथून रायफली उचलल्या. तिजोरीने आपलं काम केलं होतं; दुसऱ्या घराने केलं नाही. त्या वेळी कोणाही पालकावर मनुष्यवधाचा आरोप ठेवण्याचा विचार गांभीर्याने झाला नाही.

पुढच्या वर्षी, २० एप्रिल १९९९ला, कोलंबाइन घडलं. बारा विद्यार्थी आणि एक शिक्षक. आईबापांवर दिवाणी दावे झाले आणि मिटले. भरपाईचा मोठा भाग घराच्या विम्यातून आला. हा तपशील वाचून मी थबकलो होतो. छपरावर झाड पडलं तर जी पॉलिसी पैसे देते, तिनेच हेही भरलं.

याच सुमारास अमेरिकी सरकारने १९७४ ते २००० दरम्यानच्या शाळांतल्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास केला. त्यात दोन तृतीयांशांहून जास्त हल्लेखोरांनी बंदूक आपल्या किंवा नातेवाइकाच्या घरातून घेतली होती. काळाबाजार नाही, टोळ्या नाहीत. कपाट, पलंगाखालचा खोका, भिंतीवरची खुंटी.

२९ फेब्रुवारी २०००. मिशिगनमध्येच, फ्लिंट शहराजवळ माउंट मॉरिस इथे, सहा वर्षांच्या मुलाने पहिलीच्या वर्गातल्या सहा वर्षांच्या मुलीला गोळी घातली. मुलगा ज्या घरात राहत होता, तिथे ती बंदूक त्याच्या हाती लागली. त्याच्यावर खटला भरण्याचा प्रश्नच नव्हता. सहा वर्षांचं पोर. सरकारी वकिलाने त्या घरातल्या एकोणीस वर्षांच्या तरुणावर, ज्याची ती बंदूक होती, मनुष्यवधाचा आरोप ठेवला. त्याने तो लढवला नाही आणि तुरुंगात गेला. हे डिक्सन विरुद्ध बेलचं थेट फौजदारी रूप होतं : बंदूक उघडी ठेवणारा दोषी, कारण चाप ओढणाऱ्याला अक्कल नव्हती. माउंट मॉरिस जेनेसी काउंटीत आहे. तिला लागून असलेली काउंटी म्हणजे ओकलंड.

त्याआधीची पायरी मात्र जर्मनीत ओलांडली गेली. ११ मार्च २००९ला विनेनडेन गावात सतरा वर्षांच्या मुलाने पंधरा जणांना मारलं. वडील नेमबाजीच्या क्लबचे सदस्य. त्यांच्या बहुतेक बंदुका नियमाप्रमाणे तिजोरीत होत्या. एक पिस्तूल मात्र निजायच्या खोलीतल्या कपाटात. तेच मुलाने नेलं. जर्मन न्यायालयाने वडिलांना निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याबद्दल दोषी धरलं. तांत्रिक कारणाने निकाल रद्द झाला, पुन्हा खटला चालला, आणि २०१३ मध्ये पुन्हा तोच निष्कर्ष निघाला. शिक्षा : दीड वर्ष, तीही स्थगित. बापाला दोषी म्हटलं, पण तुरुंगात टाकलं नाही.

चार दिवस

आता ऑक्सफर्ड. डेट्रॉइटच्या उत्तरेला असलेलं हे छोटं गाव. २६ नोव्हेंबर २०२१, थँक्सगिव्हिंगनंतरचा सवलतींचा शुक्रवार. बाप मुलाला घेऊन दुकानात गेला आणि नऊ मिलिमीटरचं पिस्तूल विकत घेतलं. पंधरा वर्षांच्या मुलाला ते स्वतः घेता येत नव्हतं. शनिवारी आई त्याला नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेली आणि मायलेकांनी नाताळची नवी भेट वापरून पाहिल्याचं समाजमाध्यमावर लिहिलं. २००५च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे पिस्तुलासोबत दुकानदाराने तारेचं कुलूप द्यावंच लागतं. तसं ते दिलं होतं. पोलिसांना ते प्लास्टिकच्या पाकिटात, न उघडलेलं सापडलं. घरातल्या इतर बंदुकांच्या पेटीचा आकडा कारखान्यातून येतो तोच होता : शून्य, शून्य, शून्य.

सोमवारी एका शिक्षिकेला मुलगा फोनवर काडतुसं शोधताना दिसला. शाळेने आईला फोन केला, निरोप ठेवला. आईने शाळेला उलट फोन केला नाही. मुलाला मात्र हसत संदेश पाठवला. मी रागावलेली नाही, पकडलं न जाणं तेवढं शिकायला हवं, असा त्याचा आशय.

मंगळवारी, ३० नोव्हेंबरला सकाळी, गणिताच्या कागदावर त्याने काढलेलं चित्र शिक्षिकेला दिसलं : पिस्तूल, गोळी, रक्तबंबाळ माणूस, आणि विचार थांबत नाहीत, मदत करा, अशा अर्थाचे शब्द. आईबापांना बोलावलं गेलं. समुपदेशकाने सांगितलं, याला दोन दिवसांच्या आत कोणाला तरी दाखवा. आज घरी नेता का, तर कामावर परतायचंय. मुलगा वर्गात परत गेला. चौघा-पाच मोठ्या माणसांच्या त्या बैठकीत घरी नवं पिस्तूल आहे हे आईबापांनी सांगितलं नाही, आणि दप्तर उघडून पाहायचं कोणालाही सुचलं नाही. पिस्तूल दप्तरातच होतं. दुपारी एकच्या सुमारास गोळीबार झाला. बातमी कळताच बाप घरी धावला आणि त्याने पोलिसांना फोन केला : माझी बंदूक जागेवर नाही, माझाच मुलगा असेल.

खटल्यात सरकारी वकील कॅरेन मॅक्डॉनल्ड यांनी या फोनवर भर दिला. शाळेत गोळीबार म्हटल्यावर हजार बापांच्या मनात आपलं पोर सुरक्षित आहे ना, हा विचार येतो. या बापाने आधी बंदूक शोधली. म्हणजे त्याला अंदाज होता. त्यापूर्वीचे पुरावेही मांडले गेले : घरात कोणीतरी वावरतंय, भांडी फेकतंय, असे मुलाने आईला पाठवलेले संदेश, मदत मागूनही ऐकत नाहीत अशी वहीतली नोंद. आईचं म्हणणं होतं की तो चेष्टा करायचा. साक्षीत तिने असंही सांगितलं, की मागे वळून पाहताना आपण वेगळं काही केलं असतं असं वाटत नाही. हे वाक्य तिला महागात पडलं असावं.

कायद्याचा पेच मात्र या तपशिलांनी सुटत नव्हता. मुलाने स्वेच्छेने, ठरवून खून केले होते. मग साखळी तुटत नाही का? मार्च २०२३ मध्ये मिशिगनच्या अपील न्यायालयाने उत्तर दिलं : दुसऱ्याच्या हेतुपूर्वक कृत्याने साखळी साधारणपणे तुटते, पण ते कृत्यच आधी दिसण्यासारखं असेल तर नाही. खटला चालू द्या. पुढे न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितलं की, अज्ञान मुलाने इतरांना इजा करू नये यासाठी वाजवी काळजी घेण्याचं कर्तव्य कायद्याने पालकांवर आहे. निकालानंतर ज्यूरीप्रमुख महिलेने पत्रकारांना सांगितलेली गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. आईविरुद्ध मत पक्कं झालं ते या गोष्टीने, की ते पिस्तूल ज्या मोठ्या माणसाच्या हातात शेवटचं होतं, ती आई होती. मेसेज नाहीत, बैठक नाही. १८१६चाच निकष : बंदूक कोणाकडून पोराकडे गेली?

दोन्ही कसं खरं?

मला पडलेल्या प्रश्नाकडे परत येतो. मुलगा प्रौढ, की मूल?

बेलच्या खटल्यातली मुलगी अजाण होती, म्हणून दोष वर सरकला. माउंट मॉरिसचा मुलगा सहा वर्षांचा होता, म्हणून दोष वर सरकला. ऑक्सफर्डमध्ये दोष वर सरकला, पण खाली होता तसाच राहिला. टीकाकारांनी याला दुटप्पीपणा म्हटलं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे : पंधरा वर्षांच्या मुलाला प्रौढ ठरवून पॅरोलविना आजन्म कैद द्यायची ही रीतच जगात दुर्मीळ आहे, आणि माझ्या मते विरोधाभास तिथे आहे. आईबापांच्या शिक्षेत तो नाही. दोष ही काही भाकरी नाही, की एकाला जास्त दिली तर दुसऱ्याला कमी उरेल. मुलाने ठरवून मारलं हे खरं. ठरवणाऱ्या मुलाच्या हातात साधन कोणी दिलं, आणि देताना त्यांना काय दिसत होतं, हा वेगळा प्रश्न आहे, त्याचं उत्तरही वेगळं मिळायला हवं.

पण दुसरी शंका इतकी सहज मिटत नाही. आईबापांना तुरुंगात घातलं की बाकीच्यांची सुटका होते का? त्या मुलाला वर्गात परत पाठवणाऱ्या शाळेतल्या कोणावरही फौजदारी आरोप झाला नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट : २०२१ मध्ये मिशिगनमध्ये बंदूक कुलपात ठेवण्याची सक्ती करणारा कायदाच नव्हता. पिस्तूल उघडं ठेवणं त्या दिवशी गुन्हा नव्हता. चार मुलं मेल्यावर तो मनुष्यवध झाला. सक्तीच्या कायद्यावर २०२३ मध्ये सही झाली आणि तो १३ फेब्रुवारी २०२४ला लागू झाला, आईला दोषी ठरवल्यानंतर बरोबर एका आठवड्याने. कायदेमंडळाने जे वर्षानुवर्षं टाळलं, ते ज्यूरीने दोन माणसांच्या पाठीवर लिहून दाखवलं. २००८च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरात बंदूक बाळगणं हा व्यक्तीचा हक्क ठरवला आणि राजधानीतला कुलपाचा फार कडक नियम रद्द केला, पण त्याच निकालात अपघात टाळण्यासाठी बंदुका कशा ठेवाव्यात याचे नियम करायला आपली आडकाठी नाही असंही म्हटलं. म्हणजे दार बंद नव्हतं. आत जायची इच्छा नव्हती.

ऑक्सफर्डनंतर असे खटले वाढले. व्हर्जिनियात जानेवारी २०२३ मध्ये सहा वर्षांच्या मुलाने शिक्षिकेला गोळी घातली. त्याची आई तुरुंगात गेली. इलिनॉयमध्ये २०२२च्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीवर गोळ्या झाडणाऱ्या तरुणाच्या वडिलांनी मुलाच्या बंदूक परवान्याच्या अर्जावर सही केली होती; त्यांनी बेपर्वाईचा गुन्हा कबूल केला, साठ दिवसांची शिक्षा झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये जॉर्जियातल्या अपलाची शाळेत चौदा वर्षांच्या मुलाने चौघांना मारलं, तेव्हा दुसऱ्याच दिवशी बापाला अटक झाली आणि आरोप एक पायरी वर गेला : दुसऱ्या दर्जाचा खून. या ओळीत ती एकटी आई, मिरवणुकीतल्या तरुणाचा बाप आणि ऑक्सफर्डचं जोडपं यांच्या शिक्षा एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या, की साठ दिवस ते पंधरा वर्षं एवढा पल्ला दिसतो. नियम नसला आणि फक्त संताप असला, की शिक्षा अशाच होतात.

आपल्या दारात

आपल्याकडे बंदूक घरोघरी नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे एकवीस वर्षांखालच्याला ती बाळगताच येत नाही. कोकणात आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. माकडं आणि डुकरं हाकलायला. दारू आणि छर्रे वेगळ्या डब्यात, डबा माळ्यावर. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि नंतर आणायची. आजोबा कुरकुरत, पण जमा करत. बंदूक घरात असली तरी ती पूर्ण आपली नाही, सरकारचं तिच्यावर लक्ष आहे, ही जाणीव त्या येण्याजाण्यातून घरात मुरलेली होती. तरीही डिसेंबर २००७ मध्ये गुडगावच्या एका शाळेत आठवीतल्या मुलांनी वर्गमित्राला गोळ्या घातल्या, तेव्हा पिस्तूल एका मुलाच्या वडिलांचंच निघालं होतं.

आपली बंदूक म्हणजे गाडी. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १९९-अ हे कलम आलं : अज्ञान मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जाईल, तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण रोखायचा प्रयत्न केला होता, हे पालकाने सिद्ध करायचं. मिशिगनच्या ज्यूरीला जे शोधून काढावं लागलं, ते आपल्या संसदेने आधीच लिहून ठेवलं होतं. आणि तरी १९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला काय झालं ते आपण पाहिलं. सतरा वर्षांचा मुलगा, भरधाव गाडी, दोन तरुणांचा मृत्यू, त्याच दिवशी निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन. जनक्षोभ उसळल्यावर बापाला अटक, आणि पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून आईलाही. तिकडे कायदा नव्हता आणि शिक्षा झाली. इकडे कायदा होता, पण तो हलायला लोकांना रस्त्यावर यावं लागलं.

इसापाच्या गोष्टीतला चोर फाशीच्या तख्तावर आईचा कान चावतो, तेव्हा बघणाऱ्यांना वाटतं की न्याय झाला. गोष्ट तिथे संपते. पहिली चोरी ज्याच्या घरी झाली त्याने काय केलं, ज्याने चोरीचा माल विकत घेतला त्याने काय केलं, हे इसाप सांगत नाही. नीतिकथेला तेवढी सवड नसते. कायद्याला असायला हवी. ऑक्सफर्डच्या आईबापांना शिक्षा झाली हे मला आजही योग्य वाटतं. पण ते तारेचं कुलूप पाकिटातून बाहेर निघालं असतं, तर चार मुलं जगली असती, मुलगा आणि त्याचे आईबाप घरी असते, आणि कायद्याने एवढंच करायला हवं होतं की ते कुलूप नुसतं पिस्तुलासोबत देऊन थांबायचं नाही, ते लावायलाही सांगायचं. दुकानदाराने द्यावं, एवढं २००५ मध्ये ठरलं. घरच्यांनी लावावं, हे मिशिगनला ठरवायला आणखी अठरा वर्षं लागली.